उणे पंचवीसमध्ये झोपायला पिकअप तयार करताना

"दादा, हीटर कुठला घेऊ?" कॅल्गरीत नवीन आलेली, नुकतीच जुनी पिकअप घेतलेली मराठी पोरं फोन करून पहिला प्रश्न हाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: हीटर सगळ्यात शेवटी. आधी फोम, मग टेप, मग हवेची वाट, मग बॅटरी, आणि उरलेल्या पैशांत हीटर. या क्रमाने गेलात तर बाजारातला सगळ्यात लहान हीटर पुरतो. क्रम उलटा केलात तर सगळ्यात मोठाही पुरत नाही, आणि सकाळी डोळे उघडावेत तर छताला बर्फाची खपली आणि गादी खालून ओली.

मी शीतगृहातला माणूस. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर शिकलो, इथे अल्बर्टातही रेफ्रिजरेशनचीच कामं करतो. बाहेर एप्रिलचं ४० अंशांचं ऊन आणि आत द्राक्षं शून्य ते एक अंशावर, हा फरक आम्ही पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पाट्यांच्या, जिवावर सांभाळायचो. रॉकी पर्वतांत जानेवारीच्या रात्री बाहेर उणे २५ आणि गाडीत १० अंश ठेवायचे, तर फरक ३५ अंशांचा. हिशेब तोच, फक्त दिशा उलटी. गाडीतून दोन गोष्टी बाहेर पळू पाहतात, ऊब आणि वाफ. ऊब अडवायची, आणि वाफेला आपण नेमून दिलेल्या वाटेनेच बाहेर जाऊ द्यायचं. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे.

गाडी आणि टॉपर

माझ्याकडे जुनी फोर्ड एफ-१५० आहे, साडेसहा फुटी हौद्याची. हौदा, म्हणजे मागचा सामानाचा भाग, आतून ७९ इंच लांब. पुढे आणि मागच्या फाळक्याला, म्हणजे टेलगेटला, दोन-दोन इंच फोम लावला की ७५ इंच उरतात, म्हणजे सव्वासहा फूट. मराठी उंचीला हे भरपूर झालं. साडेपाच फुटी हौदा असेल तर दोघांना पाय दुमडून झोपावं लागेल. थंडीत पाय दुमडून रात्रभर पडणं फार जिकिरीचं होतं, म्हणून घेतानाच मोजपट्टी लावा. चाकांच्या कमानींच्या मधली रुंदी ५० इंचांच्या आसपास मिळते. दोन माणसांना ती अंगाला अंग लागून पुरते.

वर टॉपर, म्हणजे हौदा झाकणारं टणक छप्पर, हवं. नवा घेऊ नका. शरद ऋतूत लोक गाड्या बदलतात तेव्हा वापरलेले टॉपर स्वस्तात निघतात. मला ६०० डॉलरला फायबरग्लासचा मिळाला. ॲल्युमिनियमचा हलका आणि आणखी स्वस्त असतो, पण त्याची फ्रेम ऊब भराभरा बाहेर ओढते आणि तिच्यावर दव आधी धरतं, त्यामुळे तो घेतलात तर फ्रेमसुद्धा फोमने झाकायची तयारी ठेवा. टॉपर केबिनच्या उंचीचाच घ्या. उंच टॉपरमध्ये बसायला बरं वाटतं, पण वरची सगळी हवा तापवावी लागते आणि वारा धरतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलेल ते त्यावर लिहिलेलं असतं. टॉपर, प्लायवुड, बॅटरी, पाणी, तुम्ही दोघं, सगळ्यांची बेरीज त्या आकड्याच्या आत बसली पाहिजे.

बरेच जण हौद्यात लाकडी माळा करून खाली कप्पे काढतात. हिवाळ्यासाठी मी त्याच्या विरोधात आहे. माळा केला की डोकं छताला लागतं, आणि खालच्या कप्प्यांत गार हवेचा साठा अडकून राहतो. जमिनीलगत झोपा. सामान केबिनच्या मागच्या सीटवर ठेवा.

फोम

एक्सपीएसच्या, म्हणजे कडक फोमच्या, पाट्या घ्या, गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या, घरबांधणीच्या दुकानात मिळतात त्याच. इंचाला आर-५, दोन इंचाला आर-१० (आर म्हणजे ऊब अडवण्याची ताकद, आकडा मोठा तितकी जास्त). थर्मोकोल स्वस्त पडतो, पण त्याचे दाणे सुटतात आणि कालांतराने तो ओल धरतो. चंदेरी कागदाचा पॉलिआयसो फोम खोलीच्या तापमानाला एक्सपीएसपेक्षा सरस असतो, मात्र कडाक्याच्या थंडीत त्याची ताकद घटते. नुसती चंदेरी बुडबुड्यांची शीट लावून भागेल, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. काचलोकर तर नकोच. एकदा वाफेने भिजली की ती पुन्हा कोरडी होत नाही.

हे सगळं मी का सांगतो, त्याचा हिशेब बघा. माझ्या हौद्याचा आणि टॉपरचा सगळा पृष्ठभाग साधारण १४ चौरस मीटर भरतो. उघडा पत्रा आणि उघडं फायबरग्लास असताना ३५ अंशांच्या फरकाला तिथून जवळजवळ २,८०० वॅट ऊब निघून जाते. सगळीकडे दोन इंची एक्सपीएस बसवला की हीच गळती ३०० वॅटच्या आसपास येते. फटी आणि पातळ राहिलेल्या जागा धरून ४०० म्हणा. ताजी हवा आत घ्यावीच लागते, तिला आणखी २०० वॅट. झाले ६००. त्यातले दीडशे तुम्ही दोघं झोपेत स्वतःच देता, कारण झोपलेला माणूस सुमारे ७५ वॅट उष्णता टाकत असतो. म्हणजे हीटरच्या वाट्याला साडेचारशे वॅट उरले. पाच किलोवॅटचा हीटर कशाला पाहिजे?

सुरुवात जमिनीपासून करा. हौद्याच्या रबरी चटईवर दोन इंची पाटी, तिच्यावर अर्धा इंच प्लायवुड. बाजूच्या भिंतींना पाट्या अंगच्या मापापेक्षा किंचित मोठ्या कापून दाबून बसवा, डिंकाने चिकटवू नका. उन्हाळ्यात त्या काढून पत्र्याला गंज आला का ते पाहायचं असतं. टॉपरच्या गोलाईला दोन इंची पाटी वळत नाही, तिथे एक-एक इंचाचे दोन थर लावा आणि आतल्या अंगाला पाच-पाच सेंटीमीटरवर अर्ध्या खोलीच्या चिरा द्या, म्हणजे पाटी वाकते. इथे डिंक लागतोच, आणि तो फोमबोर्डसाठीचाच घ्या. साध्या सॉल्व्हंटच्या डिंकाने एक्सपीएस विरघळतो.

फोमला आग लवकर लागते. आतून त्यावर तीन मिलिमीटरचं प्लाय मारा. उघडी पाटी दिसत ठेवू नका.

मागचा फाळका हे खरं दुखणं. कारखान्यातून येतानाच त्याच्या तिन्ही बाजूंना बोटभर फट असते, कारण तो माणसं झोपवायला बनवलेलाच नसतो. ईपीडीएम रबराची पोकळ नळीवाली पट्टी मिळते, ती बाजूंना आणि खाली लावा. फाळका बंद करून आत अंधारात बसा आणि बाहेरून कुणाला तरी विजेरी फिरवायला सांगा. जिथून उजेड दिसेल तिथे पट्टी कमी पडली. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात, तीही याच परीक्षेत सापडतात.

टॉपरच्या काचा एकेरी असतात. पाऊण चौरस मीटर उघडी काच दीडशे वॅट खाते, म्हणजे दोन माणसांची सगळी ऊब. प्रत्येक काचेच्या मापाची फोमची झडप कापा, तिला जुनं कापड लावा आणि रात्री दाबून बसवा.

ही कामं सप्टेंबरातच उरका. फवाऱ्याचा फोम, डिंक, टेप यांतलं काहीही गारठ्यात नीट धरत नाही. कॅनडातला थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो. त्याच्या आधी चिकटवण्याचं सगळं काम संपलेलं असावं.

वाफ

शीतगृहात आम्ही वाफरोधक पडदा पॅनेलच्या बाहेरच्या अंगाला घ्यायचो, कारण तिथे ऊब बाहेर असते. गाडीत तो आतल्या अंगाला येतो. नियम एकच: पडदा नेहमी उबदार बाजूला. एक्सपीएस स्वतःच वाफ फारशी जाऊ देत नाही, म्हणून वेगळं प्लास्टिक न लावता पाट्यांच्या सगळ्या जोडांवर आतून लाल टक टेप, म्हणजे बांधकामातली घट्ट चिकटणारी टेप, मारली की काम होतं. एकही जोड सोडू नका. सुटलेल्या जोडातून वाफ मागे जाते, पत्र्यावर गोठते आणि चिनूकचं गरम वारं सुटलं की वितळून गादीखाली येते.

दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. आत १० अंश तापमान आणि निम्मी आर्द्रता असेल, तर शून्याला आलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. काच, स्क्रूचं डोकं, फाळक्याची कडी, जे उघडं असेल ते पांढरं होतं. प्रत्येक स्क्रूवर फोमचा तुकडा चिकटवण्याइतका वेळ द्या.

आणि हवेची वाट ठेवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक काच खाली बोटभर, एक वर बोटभर उघडी. वाऱ्याच्या पाठीकडची जास्त, तोंडाकडची कमी. उणे २५ मध्ये खिडकी उघडी ठेवायला मन धजत नाही, पण वर हिशेबात २०० वॅट धरलेत ते याच फटीचे. ती बंद केलीत तर ऊब वाचेल आणि पांघरूण भिजेल, आणि भिजलेल्या पांघरुणात दुसरी रात्र काढता येत नाही.

गादीखाली हवा खेळली पाहिजे. चार इंची फोमची गादी थेट प्लायवर टाकली की खालच्या अंगाला ओल धरते. मी मध्ये पातळ लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवतो, उंची एक इंच. सकाळी गादी भिंतीला टेकवून उभी करायची, तेवढ्या वेळात ती वाळते.

हीटर

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. दोन किलोवॅटचा, डिझेलवर चालणारा. चिनी बनावटीचा दोनशे डॉलरच्या आत-बाहेर मिळतो. याचं जळण बंद भांड्यात होतं: जळायला लागणारी हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आतली हवा फक्त तापून फिरते. त्यामुळे आत ओल वाढत नाही. पाच किलोवॅटचा घेतलात तर तो कायम मंद आचेवर चालेल आणि मंद आचेवर त्यात काजळी साचते. दोनवाल्यालासुद्धा सकाळी बंद करण्यापूर्वी १५-२० मिनिटं पूर्ण जोरात चालवा. बंद करताना वीज तोडू नका. तो स्वतः थंड होईपर्यंत पंखा फिरू द्या.

प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा छोटा हीटर घेऊ नका. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं, ते सगळं तुमच्या छतावर बसणार. तो आतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. असा हीटर लावून झोपू नका, कधीच.

डिझेल हीटरचाही धूर जीव घेणाराच असतो, म्हणून त्याच्या नळीवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. हौद्याच्या तळातून धातूच्या चकतीतून नळी खाली उतरवा, ड्रायव्हरच्या बाजूला बाहेर काढा आणि तोंड फाळक्यापासून लांब ठेवा. हवा आत घेणारी नळी दुसऱ्या बाजूला. गाडी उभी केल्यावर नळीच्या तोंडासमोरचा बर्फ फावड्याने काढा, रात्री बर्फ पडला तर उठून पुन्हा काढा. डिझेलची टाकी आत ठेवू नका. माझी हौद्याखाली चासीच्या कडेला पत्र्याच्या पेटीत आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरचा उचलून लावू नका. घरगुती अलार्म साधारण ४ अंशांच्या खाली चालण्याची हमी देत नाहीत. आरव्हीसाठीचा, म्हणजे राहण्याच्या गाड्यांसाठीचा, उणे तापमानाला चालणारा घ्या, उशीच्या उंचीवर लावा आणि निघण्यापूर्वी बटण दाबून वाजवून बघा.

डिझेलही हिवाळ्याचंच पाहिजे. अल्बर्टातल्या पंपांवर थंडी सुरू झाली की हिवाळी मिश्रण येतं. उन्हाळ्यात भरून ठेवलेला कॅन घेऊन गेलात तर त्यातलं मेण गोठून पंप बंद पडेल. मंद आचेवर तासाला साधारण १०० मिली लागतं, म्हणजे रात्रीला एक लिटर. लेक लुईसहून जॅस्परला जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवर बो पासची उंची २,०६९ मीटर आहे; तिथे हवा विरळ असल्याने ज्योत काळपट जळते. उंचीचं सेटिंग असलेला हीटर असेल तर ते बदला.

वीज

हीटर पेटताना ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी तापती कांडी, काही मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो, नंतर एक-दीडवर येतो. रात्रीला १५ ते २० अँपिअर-तास धरा. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन-तीन रात्री सहज काढते, पण ती शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, आतले सेल कायमचे खराब होतात. म्हणून बॅटरी फोमच्या आत, तुमच्या पायाशी. जुन्या पद्धतीची, शिशाची एजीएम बॅटरी घेतलीत तर उणे १८-२० मध्ये तिची निम्मीच ताकद हाती येते, त्या बेताने मोठी घ्या.

चार्जिंग गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनवर वीज करणारं यंत्र), डीसी-टू-डीसी चार्जरमधून, म्हणजे गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणाऱ्या चार्जरमधून. सोलर पॅनेलवर पैसे घालवू नका. डिसेंबरात कॅल्गरीत दिवस आठ तासांचा, दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर, आणि छतावर आडवं पडलेल्या पॅनेलवर बर्फ.

झोप, दार, खाणं

टॉपरची कडी बाहेरून फिरते. आतून उघडायची सोय केल्याशिवाय त्यात एक रात्रही झोपू नका. कडीच्या दांड्याला आतून पोलादी तार आणि एक कडं जोडलं की झालं, फाळक्यालाही तसंच. कुलपात पाणी गेलेलं असेल तर ते गोठतं, म्हणून ग्रॅफाइटची पूड टाका.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट. कम्फर्टचा आकडा खरा धरा आणि हीटर बंद पडला तरी निभावेल अशी बॅग घ्या. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आम्ही बॅगच्या वरून घेतो. सुती कापड वाफ शोषतं आणि बॅग कोरडी राहते. सकाळी ती केबिनमध्ये पसरून हीटर काचेवर सोडायचा, तासाभराच्या प्रवासात खडखडीत वाळते. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्या. पाणी वरून गोठत येतं, म्हणून पिण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, बूच मोकळं राहतं. रात्री लघवीला वेगळी बाटली ठेवा; उणे २५ मध्ये दार उघडून बाहेर गेलात तर आतली सगळी ऊब जाते.

स्वयंपाक बाहेर, फाळक्यावर. ब्यूटेनच्या डब्याची शेगडी शून्याच्या खाली गॅसच देत नाही, कारण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. आम्ही भाजणी मळून नेत नाही, कोरडी नेतो आणि थर्मासमधल्या गरम पाण्यात तिथेच मळतो. थालीपीठ तव्यावर पडलं की हात तव्यावर धरायचे. खिचडी घरीच शिजवून सपाट पिशव्यांत भरून ठेवा, ती वाटेत आपोआप गोठते.

पहिल्या रात्री

पहिली रात्र स्वतःच्या ड्राइव्हवेमध्ये काढा, उणे दहाच्या सुमारास. आत एक तापमापी उशीपाशी, दुसरा जमिनीपाशी ठेवा. मधला फरक पाच अंशांहून जास्त असेल तर फाळक्याची पट्टी पुन्हा तपासा.

दुसरी पायरी, वीज असलेला कॅम्पग्राउंड. बॅन्फमधला टनेल माउंटन व्हिलेज टू आणि लेक लुईसचा ट्रेलरवाला भाग हिवाळ्यातही उघडा असतो. वायर जोडून छोटा विजेचा हीटर लावता येतो, आणि इंजिन उबदार ठेवणारा ब्लॉक हीटरही. उणे १५ च्या खाली तो लावाच. राष्ट्रीय उद्यानात रस्त्याच्या कडेला गाडीत झोपायला बंदी आहे, हे आधीच ध्यानात ठेवा.

मग अब्राहम लेक. बिगहॉर्न धरणामुळे १९७२ साली तयार झालेला हा जलाशय. बर्फात अडकलेले मिथेनचे पांढरे बुडबुडे बघायला जग येतं. ते इतके स्वच्छ दिसतात कारण तिथला वारा बर्फावर हिमाचा थर टिकूच देत नाही. तोच वारा रात्री तुमच्या गाडीवर असणार. नाक वाऱ्याकडे करून गाडी लावा, फाळका आडोशाला. सरकारी जमिनीवर मुक्कामासाठी २०२१ पासून पब्लिक लँड्स कॅम्पिंग पास लागतो, माणशी तीन दिवसांचे २० डॉलर, वर्षाचे ३०. नॉर्डेगला इंधन पूर्ण भरून घ्या. पुढे पार्कवेवरचा इंधनाचा थांबा, सस्कॅचवन क्रॉसिंग, हिवाळ्यात बंद असतं, आणि लेक लुईस ते जॅस्पर या २३२ किलोमीटरमध्ये पंप नाही, फोनला रेंजही नाही. बर्फाचे टायर लागतातच. निघायच्या सकाळी ५११ अल्बर्टा या सरकारी सेवेवर रस्त्याची स्थिती पाहा.

गाडी सोडून माझा खर्च २,००० डॉलरच्या थोडा वर गेला. त्यात टॉपर ६००, फोम आणि प्लाय ४५०, बॅटरी आणि चार्जर ५५०, बाकी हीटर, गादी, अलार्म, टेप आणि पट्ट्या. काटछाट करायचीच असेल तर बॅटरीत करा, वापरलेली चालेल. टेप, रबरी पट्टी आणि अलार्म यांत मात्र एक डॉलरही वाचवू नका.

एप्रिल संपता संपता भिंतीच्या पाट्या बाहेर काढा, पत्रा फडक्याने पुसून दोन दिवस टॉपर उघडा ठेवा. हीटरच्या टाकीतलं डिझेल काढून टाका, आणि त्यात थोडं केरोसीन घालून अर्धा तास जोरात चालवा, काजळी जळून जाते. पाट्यांवर कुठली कुठे बसते ते मार्करने लिहून ठेवा, म्हणजे सप्टेंबरात शोधाशोध होत नाही.